चुनखडीच्या तळघरातली वीनो

आक्का,

मी लढाईवर निघालो तेव्हा कोरेगावच्या स्टेशनात तू माझ्या ट्रंकेवर बसून रडत होतीस. आबा तुझ्यावरच ओरडले, "ऊठ की गं, गाडी आली!" मला एवढंच म्हणाले, "नाव राख रं." माळकरी आईनं दारूला शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली.

आफ्रिकेत आमची तुकडी पकडली गेली आणि मी इटलीत कैदी झालो. इटलीनं शस्त्रं टाकली तसे पहारेकरी पळाले, आम्हीही डोंगरात पांगलो. जर्मन मागावर होते. पिएत्रो नावाच्या म्हाताऱ्या द्राक्षबागाईतदारानं मला तळघरात लपवलं.

बाग चुनखडीच्या पांढऱ्या उतारावर, तळघर त्याच दगडात कोरलेलं. ताठ उभं राहता येत नसे. पिएत्रोची मुलगी लुचीया पाव घेऊन आली की सकाळ झाली असं मी समजायचो. पिंपांत द्राक्षांचा नवा रस आंबून खदखदत होता. त्यातून निघणारी हवा जमिनीलगत साचते आणि माणूस गुदमरून मरतो. म्हणून पिएत्रो मेणबत्ती घेऊनच उतरायचा; ती विझली की माघारी पळायचं.

एका दुपारी जर्मन अधिकारी खाली आला. मी रिकाम्या पिंपात दडलो. तो एकेक पिंप ठोकत जवळ येऊ लागला. पिएत्रोनं मेणबत्ती जमिनीवर ठेवली. ती विझली. अधिकारी धडपडत वर पळाला.

तोवर मीही अर्धा बेशुद्ध झालो होतो. बापलेकीनं मला ओढून बाहेर काढलं आणि तोंडात गेल्या साली केलेली वीनो, म्हणजे त्यांची द्राक्षाची दारू, ओतली. गार, किंचित गोड, संत्र्याच्या फुलासारख्या वासाची. थंडीत रस खदखदायचा थांबतो, म्हणून तेवढी गोडी मागं राहते. आईची शपथ मोडली. मी रडलो, पण प्यालो.

लढाई पुढं सरकली. पलटणीत हजर व्हायला हवं होतं. पण पिएत्रोचा मुलगा रशियातल्या लढाईवरून परतलाच नव्हता. म्हातारा म्हणाला, "छाटणीपुरता थांब." छाटणी झाली, मग तोडणी आली. तोवर मी फरारी ठरलो होतो. जर्मन गेले आणि आता आपल्याच साहेबांना भिऊन मी त्याच तळघरात शिरू लागलो. लुचीयाशी लग्न झालं, तरी दारावर थाप पडली की पाय आपोआप खाली वळत.

देश स्वतंत्र झाल्यावर धीर करून तुला लिहिलं. तुझं उत्तर आलं: "आबा म्हनत्यात, तुजे दिवस घातल्यात. गावाला सांगितलंय, पोरगं लढताना गेलं. हाईस तितं ऱ्हा." खाली तू लिहिलं होतंस, "पत्र वाचून आबा दोन दिस जेवलं न्हाईत."

काल लुचीयानं पेटी काढून दिली. म्हणाली, "जाऊन ये." मी कपडे भरले, पुन्हा बाहेर काढले. आक्का, आता मला तुरुंगाची भीती नाही. पण मेलेलं पोरगं बघून दचकून झालं, की वेशीवर कुणीतरी पाहुण्याला विचारावं तसं विचारील, "कवा आलास? कवा जानार?" आणि मला त्याचं उत्तर द्यावं लागेल. हितं मला तसं कुणी विचारत नाही. माझ्यापुरतं घर म्हणजे एवढंच उरलंय.