भांड्यावरचं दुसरं नाव

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेली बाई मी. शेजारणी अमावस्येचे किस्से सांगायला लागल्या की मी मटार सोलत मनातल्या मनात हसायचे... त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

माझं लग्न १९९८ साली झालं. माहेर नाशिकरोडचं, सासर पंचवटीत, कपालेश्वराच्या मागच्या गल्लीत. ह्यांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको सुनंदा काविळीने गेली. सासूबाई तिला दवाखान्यात न नेता कावीळ उतरवणाऱ्याकडे नेत राहिल्या, आणि ती गेल्यावर "तिच्या नशिबातच नव्हतं" म्हणून मोकळ्या झाल्या.

माझं नाव उज्ज्वला. लग्नात तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा ह्यांनी आईकडे पाहिलं आणि लिहिलं – सुनंदा. मांडवात कुजबुज सुरू झाली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या भांड्यांवर सुनंदा घातलंय. आता कोण खोडत बसणार?"

माझ्या रुखवतातल्या भांड्यांवर माझ्या आईने हौसेने 'उज्ज्वला' घालून घेतलं होतं. ती सगळी भांडी सासूबाईंनी मोडीत काढली. वडिलांचा फोन आला की म्हणायच्या, "उज्ज्वला नावाचं इथं कोणी राहत नाही," आणि फोन खाली. शेवटी वडीलसुद्धा विचारायला लागले, "सुनंदा आहे का?" त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. मला दुसरं काही नको होतं हो... ह्या बाईने एकदा, फक्त एकदा मला माझ्या नावाने हाक मारावी, एवढंच.

२००३ मध्ये मला कॉलेज रोडच्या एका छोट्या ऑफिसात डेटा एन्ट्रीची नोकरी लागली. इंग्लंडमधल्या चर्चच्या जुन्या नोंदींचे फोटो यायचे, ते आम्ही वाचून टाइप करायचो. तिकडच्या एक निवृत्त बाई आपल्या घराण्याचा इतिहास शोधत होत्या. त्यांचं घोडं एका सतराव्या शतकातल्या बायकोपाशी अडलं होतं. टॉमस नावाच्या शेतकऱ्याची बायको ॲलिस – कुठली, कोणाची, काही म्हणता काही पत्ता नाही. नोंदी बघताना मला भलतंच दिसलं. ॲलिसला पुरल्याची नोंद होती... आणि त्यानंतरही टॉमस आणि ॲलिसला मुलं होतच होती!

आमचे सर म्हणाले, "मॅडम, मेलेल्या बाईला पोरं कशी होतील? तुमचीच टायपिंग मिस्टेक."

"सर, ह्या दोन बायका आहेत. दुसरीला पहिलीचं नाव दिलंय."

"अहो, तिकडे तांदळात नाव लिहीत नाहीत!"

सगळं ऑफिस खो खो हसलं. मीही हसले, पण त्या बाईंना ईमेल करून कळवलंच.

त्याच सुमारास सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. उरला एकच शब्द, तोही मला बघितलं की यायचा – "जोन". घरात सगळ्यांना 'दोन' ऐकू यायचं. हे बिचारे दोन बिस्किटं द्यायचे, डोक्याखाली दोन उशा द्यायचे, आणि त्या चिडून भिंतीकडे तोंड करायच्या. डॉक्टर म्हणाले, असा एखादाच शब्द राहतो कधीकधी. पण मला स्वच्छ ऐकू यायचं. जोशीतला ज.

एका दुपारी त्यांनी खुणेने पाणी मागितलं. मी फुलपात्र भरलं – त्यावरही सुनंदाच – आणि त्यांच्या ओठांपासून वीतभर लांब धरलं.

"आई, माझं नाव घ्या. मग पाणी."

मला दुष्ट म्हणाल. खुशाल म्हणा.

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग अर्धंच तोंड हसलं. आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा त्या पूर्ण वाक्य बोलल्या, देवळ्याच्या त्यांच्या माहेरच्या अहिराणीत – "तुनं नाव जोन शे."

म्हणजे, तुझं नाव जोन आहे.

बाहेरच्या खोलीतून ह्यांनी विचारलं, "काय म्हणाली गं आई? दोन?"

पाणी पाजलं मी. अर्धं त्यांच्या मानेवरून उशीवर सांडलं. त्यानंतर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

तेराव्यानंतर ऑफिसला गेले तर इंग्लंडहून ईमेल आलेला. माझा अंदाज खरा निघाला होता. त्या बाईंना दुसऱ्या बायकोच्या भावाचं मृत्युपत्र सापडलं होतं. त्याने बहिणीसाठी एक पितळी पातेलं ठेवलं होतं, आणि लिहिलं होतं की सासरी तिला ॲलिस म्हणतात, पण आमच्या घरी ती जोन.

मी ते नाव पुन्हा एकदा अक्षर अक्षर लावून वाचलं.

देवळ्याची, चौथी शिकलेली बाई. तिला हे नाव कुठून कळलं? ईमेल येईपर्यंत तर ते मलाही ठाऊक नव्हतं! ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, दोनच म्हणत होती ती. तू दुसरी ना, म्हणून तुझं नाव दोन." असेल. तेही सासूबाईंच्या तोंडी शोभलंच असतं. पण ज माझ्या कानांनी ऐकलाय, आणि त्याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

पुढच्या पगारात मी भांडी बाजारातून एक पितळी पातेलं घेतलं. नाव घालणाऱ्याने मशीन सुरू करून विचारलं, "काय घालू ताई?"

"जोन."

"दोन? दोन नावं?"

मी पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हटलं, "हो. एक उज्ज्वला, आणि एक जोन."

पातेलं हातात देताना तो म्हणाला, "आतून कल्हई करून घ्या बरं का. आंबट काही केलंत तर कळकेल, ते विष पोटात जाईल."

घरी आले तर हे पेपर वाचत बसलेले. पातेल्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सुनंदा, आज कढी कर."

केली. त्याच पातेल्यात. कल्हई अजून व्हायची होती.