बाबांच्या गच्चीवर

चौथा महिना सरत आला होता तेव्हा पोटातलं बाळ गेलं. सकाळी मी मुकुटबनच्या शाळेत मुलांना शिकवत होते, दुपारी पोटात कळ उठली आणि दिवे लागायच्या आत दवाखान्यात सगळं आटोपलंही होतं. नवरा जिनिंगमध्ये कामाला, कापसाचा हंगाम भरात, त्याला सुट्टी मिळेना. माझी आई नाही. म्हणून मला न्यायला नेरहून बाबा आले.

बाबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. भाड्याच्या गाडीत ते पुढे बसले आणि प्रत्येक गतिरोधकाच्या आधी म्हणत राहिले, "हळू घ्या भाऊ." मी मागे आडवी. खिडकीतून दोन्ही बाजूंची पांढरी शेतं वाहत होती. मध्येच डोळा लागायचा आणि वाटायचं, आपण रस्त्यावर नाहीच, कापसावरूनच चाललोय.

नेरला पोचल्यावर त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली यादी भिंतीला लावली. डॉक्टरीणबाईंना विचारून आणलेली. गोळी जेवल्यावर. वजन उचलायचं नाही. ताप आला किंवा रक्त जास्त गेलं तर लगेच दवाखाना. सगळ्यात खाली लिहिलं होतं, रडली तर रडू द्यायचं.

"हेही त्याच बोलल्या?"

"नाई. ते माह्यं," बाबा म्हणाले आणि वरण ढवळायला गेले.

सकाळी त्यांची बुद्धवंदना कानावर पडली की मी जागी व्हायचे. ऊन तापलं की ते गच्चीवर गादी टाकायचे. मी तिथे निजायचे. डिसेंबरचं ऊन पाठीवर घेऊन किती झोपले, त्याचा हिशेब नाही. झोपेतच बाजाराकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न यायचे, शेजारच्या खालाच्या शिलाई मशीनचा आवाज यायचा. एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडे. बाबा बस चालवताहेत, बसमध्ये मी एकटीच, बाहेर नुसता उजेड आणि कुठलाच थांबा येत नाही. भीती वाटायची नाही. उतरायचीही इच्छा व्हायची नाही.

चौथ्या दिवशी जाग आली तर कुर्ता समोरून ओला झालेला. दूध आलं होतं. दोन्ही छात्या दगडासारख्या घट्ट. मी तशीच बसून राहिले. बाबांना काय सांगणार? त्यांनी एकदा पाहिलं, ते खाली गेले आणि खालाला घेऊन आले. स्वतः पायरीवरूनच परत फिरले.

खालाने मला जवळ घेतलं. "दाबून काढू नको बेटा. काढशील तर अजून येईल. थंड पाण्याचा कपडा ठेव. चार-आठ दिवसांत आपोआप सुकते." दुपारपर्यंत तिने माझ्या मापाची घट्ट चोळी शिवून आणली. ओला कपडा छातीवर ठेवून मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडले. खाली बाबांनी नळ सोडून ठेवला होता, बहुधा मला मोकळं रडता यावं म्हणून.

दूध सुकल्यावर मनातलं बोलायला जमलं. संध्याकाळी बाबा माझ्या केसांना तेल लावत होते. त्यांची जाड बोटं केसांत अडखळत होती.

"बाबा, त्या दिवशी मी शाळेत पुस्तकांचा गठ्ठा उचललता. त्याच्यानं झालं का?"

"मीबी डॉक्टरीणबाईले हेच विचारलं. त्या म्हने, असं उचलल्यानं होत नसते. तुह्या हातात काही नव्हतं."

त्यांनी तळव्यावर आणखी तेल घेतलं. मग म्हणाले, "तुह्या मायचंबी एक गेलतं. तुह्या जन्माआंधी. मी तवा उमरखेडले मुक्कामी गाडीवर. दोन दिवसांनी घरी आलो तर ते भाकरी टाकून राह्यली होती. मी जेवलो अन् निजलो. काहीच विचारलं नाई तिले."

मी मागे वळून पाहिलं नाही. ते तेल लावत राहिले.

रविवारी नवरा आला. फोनवर तो हवापाण्याचंच बोलायचा, म्हणून मी मनातून चिडले होते. गच्चीवर माझ्याशेजारी बसून त्याने विचारलं, "जास्त दुखते का?" मी म्हटलं, "आता कमी आहे. तुझं?" त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. ऊन उतरेपर्यंत आम्ही तसेच होतो. पुढचा विचार एवढ्यात करायचा नाही, एवढंच ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबलं. मी आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालले, मग बाबांबरोबर बसस्टँडपर्यंत. तिथे त्यांचे जुने सोबती भेटले. "पोरगी आली का?" कोणी विचारलं. "आराम कराले आली," बाबांनी सांगितलं.

महिन्याने मी शाळेत गेले. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमी कुठं गेलत्या?"

"बरं नव्हतं. बाबांकडे होते."

उभं राहून शिकवायची माझी सवय. त्या दिवशी तिसऱ्या तासाला कंबर भरून आली, तेव्हा मी खुर्ची ओढून घेतली आणि बसून शिकवलं.