काकूंच्या गोष्टी

रिसोडला आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, आजारी असताना सर त्यांना माहेरच्या, इंझोरीच्या गोष्टी सांगायला लावत आणि मोबाइल उशीजवळ ठेवून त्या रेकॉर्ड करत. काकू गेल्यावर सरांनी ती रेकॉर्डिंग घरच्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि मोबाइलमधून पुसून टाकली.

"पुसली काहून?" मी विचारलं.

"मोबाइल बजारात जाते, यष्टीत चढते. कोणी बी मारन. कॉम्प्युटर कुठी जाते का? आतल्या खोलीत आहे, दाराले कुलूप आहे."

शिवाय अँटिव्हायरस होता. फुकटातला, मुदत कधीच संपलेला. पण पडद्याच्या कोपऱ्यात त्याची हिरवी खूण होती आणि सरांची तिच्यावर श्रद्धा होती. पेन्शनर मंडळात त्यांनी 'संगणक आणि सुरक्षितता' या विषयावर व्याख्यानही दिलं. श्रोत्यांत कॉम्प्युटर फार थोड्यांकडे होता, टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. सर शाल पांघरून घरी आले.

त्या हिवाळ्यात हयातीच्या दाखल्याबद्दल ईमेल आला. पेन्शन घेणाऱ्याला आपण जिवंत असल्याचं दरवर्षी सिद्ध करावंच लागतं, त्यामुळे सरांना त्यात वावगं काही दिसलं नाही. सोबतची फाइल त्यांनी उघडली. दुपारपर्यंत कॉम्प्युटरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला एक अनोळखी शेपूट लागलं होतं. एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत खंडणीची मागणी होती.

वाशिमहून दुरुस्तीवाला आला. बराच वेळ खटपट करून म्हणाला, "सर, मशीन साफ करून देतो. फायली गेल्या समजा. पैसे भरले तरी ते लोकं खोलतीनच असं नाही."

"साफ नको करू," सर म्हणाले. एवढंच.

मग त्यांनी नातेवाइकांना फोन लावले. कोणाकडे काकूंचा एखादा व्हॉइस मेसेज? नव्हता. काकू मेसेज पाठवत नसत. सरळ फोन करत आणि भांडत. शेवटी मानोऱ्याच्या मेहुण्याने घरच्या एका लग्नाचा व्हिडिओ पाठवला. सरांनी मला बोलावून घेतलं.

पंगतीत बसलेल्या काकू कॅमेऱ्याकडे वळून हात हलवत काहीतरी बोलतात. व्हिडिओवाल्याने मूळ आवाज काढून वर सिनेमाचं गाणं चिकटवलं होतं.

"काय म्हणून राह्यली असन?" सरांनी विचारलं.

"जेवून घ्या म्हणत असतील."

"छ्या. जेवताना फोटो काढलेला तिले चालेच नाही. हाकलून राह्यली ती त्याले." त्यांनी गाण्याचा आवाज पूर्ण बंद केला आणि व्हिडिओ मागे नेला. "तुमचे डोळे चांगले आहेत. ओठाकडे पाहा बरं."

मी पाहिलं. मला काही कळलं नाही. सरांनी व्हिडिओ पुन्हा मागे नेला.