कंबर धरणारे हात

ऋतिकचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. बाप, रूपराव, टॉर्च धरून वाफ्याच्या कडेला उभा राहायचा आणि ऋतिक वांग्यांचे कॅरेट छातीशी कवटाळून बांधावरून गाडीपर्यंत न्यायचा. अल्लीपुरात भाजीवाल्यांची पोरं पुष्कळ. कॅरेट मध्येच खाली न टेकवणारा हा एकटाच.

गाडी हिंगणघाटच्या बाजाराला निघाली की तो शाळेमागच्या मैदानावर जायचा. कैलास तोवर खडे वेचून, माती शिंपून तयार असायचा. कैलास वयानं थोडा मोठा, पोट हमालीवर. दोघं गावाच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचे. कैलास डाव्या कोपऱ्यावर, ऋतिक त्याच्या शेजारी. चढाईवाला आत आला की कैलास झेप घेऊन त्याचा घोटा धरायचा आणि ओरडायचा, "धर!" त्याच क्षणी ऋतिकचे हात गड्याच्या कमरेभोवती पडायला हवेत. घोटा धरणाऱ्याचं तोंड मातीत असतं, त्याला मागचं दिसत नाही. हात उशिरा आले तर गड्याचा सगळा भार त्याच्या एकट्याच्या अंगावर येतो.

"मांगं पाहाचं नाई," कैलास म्हणायचा. "मांगं पाह्यलं का पकड ढिली होते. तुये हात येतेच, मले ठाऊक हाय."

आणि हात यायचे. रोज घाम गाळलेला होता, म्हणून यायचे.

गहू काढायला दरवर्षी पंजाबातून हार्वेस्टर येतात. त्यातल्या एका गाडीचा मालक, एक सरदार, संध्याकाळी मंडळाचा खेळ बघत बसायचा. त्याचा मेहुणा कॅनडात कबड्डीचा क्लब चालवायचा. एके दिवशी ऋतिकचे दंड दाबून पाहत तो म्हणाला, "ये लड़का मुझे दे दो."

"आन् मी?" कैलासनं विचारलं.

"तेरा वज़न कम है, पुत्तर."

कैलास हसला. ऋतिकच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "जाय बे. आन् येतानी मंडळासाठी मॅट आणजो. मातीनं कोपरं सोलून निंगाले."

"आणतो ना. पयल्या कमाईतून मॅटच."

कॅनडातली कबड्डी वेगळी निघाली. मोठं गोल मैदान, गवत, अंगाला तेल चोपडलेले गडी. चढाईवाल्याला एकानंच भिडायचं. दुसऱ्यानं बोट लावलं तरी गुण समोरच्याला. ऋतिकला हे सांगितलं होतं, पण त्याच्या हातांना कोण सांगणार? साथीदार भिडला की हा धावायचा आणि कंबर धरायचा. पहिला सामना क्लब त्याच्यामुळे हरला. गवताच्या कडेला बसलेली माणसं ओरडत होती, "ओए, शादी में आया है क्या? सबके गले लग रहा है!" क्लबवाल्यानं जेवताना शांतपणे सांगितलं, असंच चाललं तर परतीचं तिकीट काढतो.

उपाय ऋतिकनं स्वतःच काढला. आईनं, देवकाबाईनं, बॅगेत गमछा घातला होता. सरावाच्या वेळी त्या गमछ्यानं तो स्वतःचे हात पाठीमागे बांधून घ्यायचा आणि दुसरे भिडत असताना जवळ उभा राहायचा. गमछा खेचला जायचा, मनगटं सोलायची. मग हळूहळू खेचला जाईना. एके दिवशी गमछा नसतानाही हात आपले आपण मागे गेले. त्या दिवशी तो खूश होता. मेहनत फळाला आली म्हणाला.

त्यानंतर त्याला मागे पाहावं लागलं नाही. एकेक पकड, एकेक टाळी, दर पकडीमागे पैसे.

फोनवर कैलासनं विचारलं, "तिकडं तुया जोडीदार कोण हाय?"

"कोणीच नाई. एकट्यानंच धरा लागते."

"मंग कबड्डी कायले म्हणतेत त्याले? कुस्ती म्हणा ना बाप्पा!"

हंगाम संपवून तो घरी आला तेव्हा वाफ्यांत पालक उभा होता आणि गावचे खुले सामने आठवड्यावर आले होते. कैलास दुसऱ्याच पहाटे दाराशी आला. "चाल, मैदानावर. लय दिवस झाले जोडीनं धरून."

"झोपू दे ना यार. कबड्डी का कोणी विसरते?"

रोज त्याचं तेच झालं. सकाळी झोप, दिवसा सत्कार. एका गावात शाल, दुसऱ्यात नारळ. कैलास एकटाच मैदानावर जाऊन यायचा. ऋतिकनं त्या आठवड्यात एक पहाट दिली असती तरी आपल्या हातांचं काय झालंय ते त्याला कळलं असतं.

सामना आष्टीच्या संघाशी होता. त्यांचा चढाईवाला अंगानं दांडगा. तो डाव्या कोपऱ्याकडे वळला, तशी कैलासनं झेप घेतली आणि घोटा धरला.

"धर!"

ऋतिकचे हात पाठीमागे गेले.

त्याला ते कळलंसुद्धा. हात परत पुढे आणायला त्यानं जोर लावला, पण तोवर गडी गर्रकन फिरला होता आणि सगळ्या भारानं कैलासच्या पायावर पडला होता. जाड फांदी मोडावी तसा आवाज झाला. मातीत पडलेल्या कैलासनं पहिल्यांदाच मान वळवून मागे पाहिलं. ऋतिक हात पाठीशी धरून उभा.

"हात कॅनडातच ठेवून आला का बे?" कैलास म्हणाला, आणि मग त्याला कळ आली.

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं आहे, ऑपरेशन लागेल. चालता येईल. पण खेळणं नाही आणि पाठीवर पोतंही नाही. ऋतिकनं घरी येऊन बापाला एवढंच सांगितलं की पैसे काढतो. रूपरावनं मान डोलावली.

ऑपरेशननंतर कैलास उशाला टेकून बसला होता. पायाला मांडीपासून खाली पट्टा.

"क्लबवाल्यायचा फोन आलता म्हणे?"

"आलता."

"जाशीन ना?"

"पाहू."

"आन् मॅट कवा येते?"

ऋतिकची नजर पट्ट्यावर गेली. कैलासनं तिकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"असं होय," तो म्हणाला. "मंग जपून चाला लागन. मंडळाची वस्तू हाय."

ऋतिकला हसता आलं नाही. परदेशात एकट्यानं धरलेल्या सगळ्या पकडींची कमाई त्या गुडघ्यात गेली, आणि त्या गुडघ्यानं कैलास आता बाजारात काट्यापाशी बसून दुसऱ्यांची पोती मोजतो.