शीतलची जागा

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात मी बावीस वर्षं गाऊन-परकर विकते. शिरूरहून जीपनं गठडी आणते. सुरुवातीला गटाराच्या कडेला बसत होते. कुणी सरकून वीतभर जागा दिली? भांडून, शिव्या खाऊन — आणि देऊन — मी वर सरकले. परवा एका सभेत तालुक्याहून आलेले एक साहेब म्हणाले, अशा धंद्यांमुळंच तरुण पोरी गरिबीतून वर येतात. मग माझ्याच गळ्यात हार घातला. माझं डोकंच फिरलं. पण साहेब खोटं बोलत नव्हते. शीतल येतच होती की वर.

कंपनीतलं ठेक्याचं काम सुटलं, तशी ती माझ्या शेजारी बसायला लागली. माल तोच — गाऊन! मी गिऱ्हाइकावर खेकसायची, ती हसायची. बायका माझ्याकडं भाव विचारायच्या आणि तिच्याकडून घ्यायच्या. राग येणार नाही?

आमच्या बाजारात जागेला कागद नसतो. कुणाला येणं जमलं नाही, तर शेजाऱ्यानं त्याचं पोतं अंथरून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. पोतं दिसलं की तिथं कुणी बसत नाही. चार बाजार दिसलं नाही, की जागा गेली.

शीतल बाळंतपणाला दौंडला माहेरी निघाली. पोतं माझ्या हातात दिलं.

“मावशी, तेवढी जागा धरा हां.”

“जा गं, पळून जाती व्हय जागा?”

दोन बाजार मी पोतं अंथरलं. तिसऱ्या बाजारी ते गठडीतच राहिलं — नाही, राहिलं कसलं? मी ठेवलं. समोरच्या भांडीवाल्या आप्पांनी विचारलं, “पोरीचं काय गं?”

“ती न्हाई यायची आता. सासरच्यांनी धंदा बंद करायला लावला.”

साफ खोटं. चार बाजार गेले आणि मी माझी ताडपत्री तिच्या जागेवर ओढली.

तीन महिन्यांनी ती आली. कडेवर बाळ, डोक्यावर गाठोडं. उभीच राहिली. मी तिला काय सांगितलं असेल? म्हणाले, “लोक बसाय टपले होते गं. किती भांडू? दुसऱ्या कुणाच्या घशात जाण्यापरीस मीच बसले.” तिनं मान हलवली. “बरं झालं मावशी, तुम्ही तरी बसलात.” एवढ्यावरही मी सरकले नाही. एक हातसुद्धा नाही.

सबंध बाजार फिरून तिला कुठं बसायला मिळालं नाही. आता बाळ दौंडला तिच्या आईकडं आहे आणि ती परत कंपनीत, ठेक्यावर. रस्त्यात भेटली की अजून वाकून पाया पडते. मी तिच्या जागेसाठी भांडले, असं तिला वाटतं.

त्या जागेसाठी माझ्याशी कुणी भांडायला आलंच नव्हतं.