ठेसनमास्तर आणि पंपातलं भूत

ठेसनमास्तरांमुळे माझी नोकरी राहिली. काय झालं ते सांगतेच, पण आधी त्यांचं नाव घेतलं पाहिजे, आणि नाव म्हणून मला हेच येतं. सौंसरच्या त्या फवारणी पंपांच्या कारखान्यात त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. रेल्वेशी त्यांचा संबंध एवढाच, की रामाकोन्याहून ते रोज छोट्या गाडीनं यायचे. कारखान्यात ते प्लॅनिंग बघत. म्हणजे पंप किती करायचे, त्याला काय काय लागेल आणि ते कधी आणायचं, हे ठरवायचं काम त्यांचं.

नाव पडलं ते त्यांच्या एका प्रश्नावरून. कुठलीही वस्तू पाहिली की ते विचारत, "हे कुठी थांबते?" पत्रा आला, तो थांबतो स्टोअरात. कापला की थांबतो प्रेसजवळ. जे थांबतं त्याला जागा द्यायची, नंबर द्यायचा, त्याचा हिशेब ठेवायचा. जे थांबत नाही त्याच्या मागं लागायचं नाही. एकदा मॅनेजरसाहेबांचे मेहुणे कारखाना बघायला आले. मास्तरांनी त्यांनाही विचारलं, कुठं थांबलात. साहेबांकडेच, असं ते म्हणाले. मास्तरांनी लगेच विचारलं, किती दिवस. यात टोमणा नव्हता. प्लॅनिंगमध्ये पुढचा प्रश्न तोच असतो.

मी साताऱ्याकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवरा पांढुर्ण्याच्या संत्र्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला तशी मी या मुलखात आले. तो महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. मला इथली भाषा कळायची, पण बोलायला गेले की लोक हसायचे, म्हणून मी कमी बोलायची. स्टोअरात काउंटरवर मला काम मिळालं ते कच्चं. पक्कं करायचं की नाही ते मुख्य कचेरीचे साहेब येऊन ठरवणार होते. नोकरी गेली तर सासू गावी बोलावून घेणार, हे ठरलेलंच होतं. त्यामुळे मी रॅकमधले नट पुन्हा पुन्हा मोजायची. मास्तर सकाळी खिडकीशी येत. मी रामराम म्हणे, ते जयभीम म्हणत. मग विचारत, "काय वं बाई, अजून मोजूनच राहिली? नट काही पिल्लं देत नाही."

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याला एक वेगळी खोली, खोलीला कूलर, आणि आत जायचं तर चपला बाहेर. पडद्यावर हिरवी अक्षरं. पंप कशाकशाचा बनतो ते एकदा त्याला सांगून ठेवलं, की काय कधी आणायचं आणि काय कधी बनवायचं ते तोच सांगणार होता. सांगायचं काम मास्तरांकडे आलं. ते हातात पाटी घेऊन कारखानाभर फिरले आणि प्रत्येक भागाला त्यांनी आपला प्रश्न विचारला.

फिरता फिरता पिस्टनची पाळी आली ती नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे निम्मे लोक पांढुर्ण्याला दगडफेकीच्या जत्रेला जातात आणि उरलेले निम्मे, ते का गेले यावर बोलत बसतात. पंप जोडायची लाइन बंद होती. पितळी दांडीला चामड्याचा वॉशर आणि नट बसवून तयार केलेले पिस्टन एका ट्रेमध्ये फडक्याखाली पडून होते. एरवी पिस्टन जोडला की त्याच हातानं पंपात जायचा, मध्ये क्षणभरही टेकायचा नाही. पण मास्तरांनी तो थांबलेला पाहिला. त्यांनी पिस्टनला नंबर दिला, आणि माझ्या स्टोअरात एक रॅक दिला.

तेव्हापासून कॉम्प्युटर पिस्टन बनवायचे हुकूम काढू लागला. बनवा, स्टोअरात जमा करा, मग स्टोअरातून घ्या. फोरमन हुकमाचा पक्का माणूस. पिस्टन जोडला की फिटर तो घेऊन माझ्या काउंटरवर येई. मी तो हातात घेई, जमेची चिठ्ठी फाडी, खर्चाची चिठ्ठी फाडी आणि तोच पिस्टन त्याच माणसाच्या हातात परत देई. काउंटरवर रांग लागायची. रांगेतले लोक माझ्याशी पाहुण्यांसारखं अदबीनं बोलायचे, आता नेऊ का म्हणून विचारायचे. हे चूक आहे असं कुणाला वाटलं नाही. कॉम्प्युटरला एवढं सगळं कळतं, तर त्याला पिस्टन डोळ्यांनी बघायची हौस असेल, असं एक फिटर म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

मग फवारणीचा हंगाम आला. मोहगाव, लोधीखेड्याचे शेतकरी फाटकाशी बसून पंप मागू लागले. रांगेला कुणाला वेळ राहिला नाही. फोरमननं जमेच्या चिठ्ठ्या एकगठ्ठा पाठवायला सुरुवात केली, कारण हुकूम पुरा झाल्याचं दाखवायचं होतं. खर्चाच्या चिठ्ठ्या कुणी मागायला आलं नाही, कारण पिस्टन तर केव्हाच पंपात बसून शेतात गेले होते. कॉम्प्युटरच्या हिशेबी माझा रॅक शेकडो पिस्टननी भरला. रॅकमध्ये चार पिस्टन होते आणि एक पाल.

मुख्य कचेरीचे साहेब आले ते अशा वेळी. त्यांनी पडदा पाहिला, रॅक पाहिला, मग मला पाहिलं. मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, पितळ आहे, भंगारवाला लगेच घेतो. मला चोर कुणी म्हटलं नाही. मी किती दिवसांपासून एकटी राहते आणि नवरा ट्रकवर कुठं कुठं जातो, एवढंच विचारलं. चोरीचा डाग घेऊन गावी कसं जायचं, हेच डोक्यात फिरत होतं.

मास्तर दारात उभे होते. मॅनेजरसाहेब त्यांना म्हणाले, हा स्टोअरचा मामला आहे, प्लॅनिंगचं इथं काही काम नाही. ते निघून गेले असते तर कुणी त्यांना बोलावलं नसतं. ते आत आले, म्हणाले, "गलती माही हाये, साहेब. बंद लाइन पाहून मी लिवलं. या बाईकडे ते पिस्टन आलेच नाही, त चोरन कुठून?"

मग त्यांनी सगळ्यांना लाइनवर नेलं. पिस्टन जोडला आणि गेला पंपात, हे साहेबांनी उभं राहून पाहिलं. मास्तरांनी विचारलं, पिस्टन भंगारात गेले असते तर इतके पंप काय घेऊन शेतात गेले? साहेबांनी दांड्या, वॉशर आणि बाहेर गेलेले पंप यांचा मेळ घालायला लावला. तो बसला. साहेबांनी माझ्याकडे पाहायचं सोडून मास्तरांकडे पाहायला सुरुवात केली.

दुरुस्ती कॉम्प्युटरमध्ये पिस्टनच्या नंबरापुढचं एक अक्षर बदलायची होती. कॉम्प्युटरबरोबर आलेल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात या प्रकाराला जे नाव होतं त्याचा अर्थ निघाला भूत. वस्तू यादीत असते, पण तिचा हुकूम निघत नाही, तिला रॅक नाही, तिला लागणारे दिवस शून्य. कॉम्प्युटर तिच्यावरून पुढं जातो आणि थेट दांडी, वॉशर, नट मागतो. मास्तरांनी मला चपला काढायला लावून आत बसवलं आणि समजावलं.

"वरणाले फोडणी देते ना? मंग फोडणी डब्यात भरून ठेवते का?"

मी म्हटलं, नाही.

"वाण्याकडून काय आणते? तेल, मोहरी. फोडणी मागते का त्याले? पण फोडणी नसते असं म्हनशीन त वरण खाऊन पाय."

रॅकमधल्या चार पिस्टनचं काय करायचं, मी विचारलं. ते म्हणाले, भूत झालं तरी जे हातात आहे ते आधी वापरतं हे यंत्र, मग नवं जोडायला लावतं. तेवढी अक्कल त्याला होती. आठवडाभरानं लोधीखेड्याचा एक म्हातारा फाटकाशी आला. पंपात भूत घालतात असं त्यानं ऐकलं होतं आणि त्याला बिनभुताचा पंप हवा होता. फोरमननं त्याला आत नेऊन दुसरा, तसाच पंप दिला.

मी पक्की झाले. मास्तरांच्या नावावर चूक नोंदली गेली. त्यांची पांढुर्ण्याच्या विक्री डेपोत बदली झाली, जिथं कॉम्प्युटर नव्हता. जाताना ते खिडकीशी आले. मी काहीतरी बोलणार होते, त्यांनी हात हलवला आणि म्हणाले, गाडीची वेळ झाली.

नंतर एकदा पांढुर्ण्याला त्यांच्या मुलीच्या लग्नात गेले. पंगतीत वहिनी, म्हणजे मास्तरांच्या बायको, मला वाढता वाढता म्हणाल्या, "यायले तो कम्प्युटर काही जमला नाही, म्हनून इकडं आणून टाकलं. मी त आधीच सांगतलं होतं." बायका हसल्या. मास्तर समोर उभे राहून भजी वाढत होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मले जमलं नाही असं तिले वाटते, ते बरं हाये. गप राहाची वेळ होती अन् मी दुसऱ्यासाठी बोलून बसलो असं समजलं, त मले रोज ऐका लागन."

मी तेव्हा ऐकलं त्यांचं. पुढे आम्हीही ते गाव सोडलं. नवऱ्याचा ट्रक आणखी लांब गेला, मी त्याच्यामागे, आणि आज जिथं आहे तिथून पांढुर्णा सातार्‍याइतकाच दूर आहे. मास्तर आता थकले असतील. पण एक दिवस मी जाणार आहे. वहिनींना समोर बसवून सगळं सांगणार आहे. मास्तर मान हलवत राहतील, तरी शेवटपर्यंत सांगणार आहे. त्यांना त्यानंतर रोज ऐकावं लागलं तर लागो.