बिनविरोध सरपंचाचा फोटो

माणसाला दारात उभं ठेवून त्याच्या कुत्र्याला आधी ‘या, बसा’ म्हणणारा गृहस्थ मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीचा निघाला. माझ्या बायकोचे हे मामा. शाळेतली चित्रकलेची मास्तरकी संपल्यावर त्यांनी गंगापूर रोडवरच्या घराच्या पुढच्या खोलीत कुत्री आणि त्यांचे मालक यांचे फोटो काढायचा स्टुडिओ थाटला. थाटला म्हणजे मामींची निळी चादर भिंतीवर ठोकली, दोन दिवे उभे केले आणि सोफा व्हरांड्यात काढला. नव्वदीच्या दशकात आम्ही पाहुणे मंडळी व्हरांड्यात आणि कुत्री आत, अशीच त्या घराची रीत होती. कुत्र्यांना ते अहोजाहो करत, मालकांना अरेतुरे. एकदा एक नावाजलेले डॉक्टर टाय नीट करत ‘हसू का?’ म्हणाले, तर मामा कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाले, “तू नको. ते हसतायत ना, पुरे!” कुत्रा आपण होऊन कॅमेऱ्याकडे बघेपर्यंत बटण दाबायचं नाही, हा त्यांचा नियम. बिस्किट दाखवणं म्हणजे लाचलुचपत. त्यापेक्षा ते अर्धा-अर्धा तास कुत्र्यासमोर मांडी घालून बसत. एकदा वेळ वाचवायला मी गुपचूप खिशातून बिस्किट काढलं. समोरच्या अल्सेशियनने बिस्किटाबरोबर माझी बाहीही नेली. मामा म्हणाले, “बरं झालं, जावईबापू. लाच देणाऱ्यालाही शिक्षा असते.”

अशात एक दिवस चांदवडचे एक आबा भाच्याच्या जीपमधून आले. गोधडीत गुंडाळलेला म्हातारा कुत्रा त्यांनी लेकरासारखा उचलून आणला होता. नाव सरपंच. “निवडून आलेत का?” मामांनी विचारलं. “बिनविरोध!” आबा म्हणाले. मग म्हणाले, “मास्तर, घरात समद्यांचे फोटो हायेत, याचाच नाय. आता लय दिस काढायचा नाय त्यो. एक माझ्यासंगं काढा.” सरपंचांना धड दिसतही नव्हतं, पण पाऊण तासाने त्यांनी मान वर केली आणि मामांनी रोलमधले शेवटचे पाच फोटो टिपले. खुशीत येऊन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला कॅमेऱ्याला हात लावू दिला, “जावईबापू, रोल काढा.” आबा गेल्यावर मी तो काढला. फक्त फिल्म आत गुंडाळून घ्यायच्या आधी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं आणि पाचही फोटोंसकट सरपंचांना भर उजेडात घालवलं. मामी म्हणाल्या, “अहो, ओरडा की जरा!” मामा शांतपणे झाकण लावत म्हणाले, “कुत्र्याच्या हातून हे झालं नसतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही चांदवडला. चादर माझ्या डोक्यावर, दिवे माझ्या मांडीवर. सरपंच कांदे साठवायच्या चाळीच्या सावलीत पडलेले, उठायला तयार नाहीत. दिवे, चादर सगळं फुकट गेलं. मामा इस्त्रीच्या शर्टासकट मातीत पालथे झाले. दीड तास गेला. शेवटी सरपंचांनी मान वळवली, पण कॅमेऱ्याकडे नाही, शेजारी बसलेल्या आबांकडे. आबांनीही त्यांच्याकडे पाहिलं. आणि मामांनी बटण दाबलं. “आणि नियम?” मी विचारलं. कपडे झटकत ते म्हणाले, “गप्प बसा हो.”

दोन महिन्यांनी आबांचा फोन आला. “मास्तर, सरपंच गेला. फोटोला हार घालावा म्हन्लं, तर त्यात मी बी हाय. सून म्हनती, जित्या मान्साला हार कसा घालायचा? आन् याला तसाच ठिवायचा का?” मी लगेच अक्कल पाजळली, “फोटो मधोमध कापून टाकू.” मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी न सांगता व्हरांड्यात जाऊन बसलो. पुन्हा एसटी, पुन्हा चांदवड. या वेळी माझ्या हातात हातोडा. मामांच्या सांगण्यावरून मी फ्रेमच्या वर दोन खिळे ठोकले, एक बरोब्बर मध्यावर आणि एक उजव्या कोपऱ्यात. पहिल्याच घावात अंगठा सुजवून घेतला, तो भाग वेगळा. दोन खिळ्यांमध्ये वीतभर झेंडूचा हार लोंबला, फक्त सरपंचांपुरता. आबांनी चार पावलं मागे सरून पाहिलं. म्हणाले, “आता बराबर.”

पुढे पाच-सहा वर्षांनी, घरोघरी डिजिटल कॅमेरे आले तेव्हा, आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. आबांच्या तेराव्याला. फोटोच्या वर डाव्या कोपऱ्यातही आता एक खिळा होता आणि हार या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोघांना मिळून एकच. मधला खिळा रिकामाच होता. सून चहा देत म्हणाली, “म्या काढनार व्हते, पन आबांनी काढू दिला नाय. ऱ्हाऊ दे म्हनले, मास्तरचा हाय.” खिळा खरं तर मी ठोकला होता. मामांनी चहाची कपबशी माझ्या हातात दिली, पुढे होऊन अंगठ्याने तो खिळा हळूच दाबून पाहिला, आणि पक्का आहे तरी बराच वेळ तसेच दाबत उभे राहिले.